फाउल झाला की थेट कार्ड काढावं, की आधी समज द्यावी?

तुमचा प्रश्न असा: तालुक्याच्या फुटबॉल स्पर्धेत उपांत्य सामन्याला रेफरीने पहिला अर्धा तास एकही कार्ड काढलं नाही, पुढे एकदम पाच काढली, आणि तरीही शेवटी मारामारी झालीच. आता आयोजकांत दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, पहिल्या फाउललाच कार्ड दाखवा, म्हणजे धाक बसेल. दुसरे म्हणतात, शिट्टी कमी वाजवा, पोरांना खेळू द्या.

मी परभणी-नांदेड पट्ट्यात शालेय आणि खुल्या स्पर्धांत रेफरी म्हणून उतरतो. दोन्ही तट मला पटत नाहीत. कार्ड फाउल बघून काढायचं असतं, घड्याळ बघून नाही. दुसऱ्या मिनिटाला जे पिवळं (ताकीद देणारं कार्ड) आहे ते ऐंशीव्या मिनिटालाही पिवळंच. तुमच्या रेफरीने नेमका इथं घोळ केला असणार. अर्धा तास ज्या फाउलला नुसती शिट्टी वाजत होती, त्याच फाउलला अचानक कार्ड मिळायला लागलं, तर ज्याला ते मिळालं तो भडकणारच. आणि ज्याने सुरुवातीला मार खाल्ला तो आधीच भडकलेला.

नियमात यासाठी तीन पायऱ्या आहेत. निष्काळजीपणाने पाय लागला तर फक्त फ्री किक. समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता घुसला तर पिवळं. आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावून समोरच्याच्या जिवावर बेतेल असं काही केलं तर लाल, म्हणजे थेट मैदानाबाहेर. पहिली पायरी आणि दुसरी पायरी यांतला फरक ओळखणं हेच रेफरीचं खरं काम, आणि आपल्याकडच्या मैदानांवर ते फार अवघड जातं.

आपली काळी माती पावसाळ्यात चिकट असते आणि दिवाळीनंतर दगडासारखी होते. पावसात मैदानात शिरलेल्या जनावरांचे खूर उमटतात आणि ते खड्डे तसेच वाळून राहतात. पळणाऱ्याचा पाय त्यात अडकला की तो एकटाच कोलमडतो, किंवा टॅकल करायला, म्हणजे बॉल हिसकावायला, निघालेला घसरत जाऊन समोरच्याच्या नडगीवर आदळतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा फाउलच दिसतो आणि सगळं मैदान ‘कार्ड, कार्ड’ म्हणून ओरडायला लागतं. मी अशा वेळी आधी पाय बघतो. तळवा जमिनीलगत होता की स्टड (बुटाच्या तळाचे खिळे) वर आले होते? गुडघा मुडपलेला होता की पाय ताठ करून झोकून दिला होता? नजर बॉलवर होती की माणसावर? घसरलेला खेळाडू पडता पडता पाय आखडून घ्यायला बघतो, मुद्दाम मारणारा आखडत नाही. पण हे दिसायला तुम्ही पंधरा-वीस पावलांच्या आत असायला हवं. मधल्या वर्तुळात उभं राहून शिट्टी वाजवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. आपल्याकडचे निम्मे वाद रेफरी पळत नाही म्हणून होतात, हे माझं स्पष्ट मत आहे.

‘सुरुवातीलाच धाक’वाल्यांनी 2006 च्या विश्वचषकातला पोर्तुगाल-नेदरलँड्स सामना आठवावा. रेफरी इवानोव यांनी दुसऱ्याच मिनिटाला पिवळं कार्ड काढलं होतं. शेवटी हिशेब झाला 16 पिवळी आणि 4 लाल. कार्डांची कमतरता नव्हती, सामना मात्र हातातून गेला. सातव्या मिनिटाला नेदरलँड्सच्या बुलारूझचे स्टड पोर्तुगालच्या रोनाल्डोच्या मांडीत बसले, तेव्हा निघालं पिवळं. माझ्या मते तिथं लालच हवं होतं. रोनाल्डो अर्ध्या तासानंतर जखमी होऊन बाहेर गेला, आणि बाकीच्यांना कळलं की एवढं करूनही मैदानात राहता येतं. 2010 च्या अंतिम सामन्यातही तेच. नेदरलँड्सच्या डी यॉंगने स्पेनच्या शाबी आलोन्सोच्या छातीत लाथ घातली आणि रेफरी हॉवर्ड वेब यांनी पिवळं दाखवलं. आपल्याला नीट दिसलं नव्हतं, ते लालच होतं, हे वेब यांनी स्वतः नंतर सांगितलं. पहिल्या मोठ्या फाउलला कमी शिक्षा झाली की पुढची सगळी कार्डं स्वस्त होतात.

आता ‘खेळू द्या’वाल्यांबद्दल. त्यांना अ‍ॅडव्हांटेज (फाउल होऊनही ज्याच्यावर झाला त्याच्या संघाचा फायदा होत असेल तर खेळ न थांबवणं) अभिप्रेत असेल तर मी त्यांच्याच बाजूचा आहे. पण अ‍ॅडव्हांटेज म्हणजे गप्प राहणं नव्हे. हात पुढे करून मोठ्याने ‘बघितलंय, चालू द्या’ असं म्हणायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, फायदा झाला नाही तर मागे येऊन फ्री किक द्यायची. फाउल कार्डाच्या लायकीचा असेल तर खेळ थांबल्यावर त्या खेळाडूकडे जाऊन कार्ड द्यायचं. फक्त चांगली चढाई रोखण्यापुरता फाउल असेल आणि चढाई चालूच राहिली असेल, तर 2020 पासून त्याला कार्ड नाही. हे आपल्याकडच्या पुष्कळ रेफरींना अजून ठाऊक नसतं.

मला जास्त काळजी वाटते ती छोट्या फाउलची. नांदेडच्या एका सामन्यात डावीकडून पळणारं एक सडपातळ पोरगं होतं, पायात जादू. समोरच्या संघाने त्याला वाटून घेतलं होतं. एकदा एकाने टी-शर्ट ओढायचा, पुढच्या वेळी दुसऱ्याने टाच लावायची, मग तिसऱ्याने खांदा. सुटा बघितला तर एकही फाउल कार्डाचा नव्हता. ते पोरगं उठून मला म्हणालं, “सर, मघापासून मारायलेत मला.” मी खेळ थांबवला, त्या संघाच्या कॅप्टनला बोलावलं, त्या दहा नंबरच्या पोराकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “याला आता जो कुणी पाडेल त्याला पिवळं.” चार मिनिटांत चौथ्याने पाडलं, त्याला दिलं. आरडाओरडा झाला, पण त्यानंतर त्या पोराला मोकळं खेळता आलं. समज द्यायची ती अशी, एकदाच आणि शब्द पाळण्यासाठी. तीन-तीनदा ‘शेवटची वॉर्निंग’ देणाऱ्या रेफरीचं कुणी ऐकत नाही.

हुज्जत हा वेगळा विषय, पण तुमची मारामारी बहुतेक तिथूनच पेटली असेल. रेफरीशी फक्त कॅप्टनने बोलायचं ही पद्धत 2024 च्या युरो स्पर्धेत वापरली गेली, ती तुम्ही उद्यापासून वापरू शकता. दुसरी गोष्ट म्हणजे दहा मिनिटं बाहेर बसवणं. युवा आणि तळागाळाच्या स्पर्धांत राष्ट्रीय संघटनेच्या संमतीने तात्पुरतं बाहेर काढण्याची मुभा 2017 पासून नियमांत आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक पातळीवर हुज्जतीला हीच शिक्षा असते. कबड्डीत पिवळं कार्ड मिळालं की दोन मिनिटं बाहेर, हे आपल्या पोरांना सांगावं लागत नाही. फुटबॉलमधलं पिवळं त्या सामन्यात फारसं दुखत नाही, संघ अकराचा अकराच राहतो. दहा मिनिटं दहा जणांनी खेळावं लागलं की सहकारीच त्या तोंडाळाला आवरतात. जिल्हा संघटनेमार्फत विचारून बघा.

एक शेवटचं. 2023 मध्ये आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) बाद फेरीत बंगळुरूच्या सुनील छेत्रीने पटकन फ्री किक घेऊन गोल केला आणि केरला ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. त्यांना 4 कोटींचा दंड झाला. ‘शिट्टीनंतर घ्यायची की लगेच घेता येते’ हा वाद तुमच्याकडेही कधी ना कधी येणार. म्हणून सामन्याआधी दोन्ही कॅप्टन आणि प्रशिक्षकांना पाच मिनिटं बसवा आणि सांगा: समोरच्या खेळाडूंची भिंत मागे घ्यायला किंवा कार्डासाठी रेफरीने खेळ थांबवला असेल तर शिट्टीची वाट बघायची, नाहीतर लगेच घेता येते. आणि अंतिम सामन्याला लाइन्समन तरी बाहेरच्या तालुक्यातले आणा.