वाचकांचे प्रश्न : आपल्याकडं समुद्र काहून नाही झाला?

प्रश्न : नमस्कार सर, वावरात विहीर खंदली तं खाली काळा फत्तरच फत्तर लागला, आन् बहिणीच्या गावी गोंदियाकडं तोच फिकट, चमचम दाण्यायचा. पोरगं म्हणते काळा ज्वालामुखीचा आन् तो ग्रॅनाईट, जपानातबी दोन्ही हायेत आन् तिथं जमीन फाटून समुद्र झाला. मंग आपल्याकडं काहून नाही झाला?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : पोरगं बरोबर बोलते भाऊ, त्याले शिकवा खूप. लाव्हा वर येऊन लवकर थंड झाला की दाणे वाढायला वेळच मिळत नाही, तो तुमचा काळा बेसाल्ट. ग्रॅनाईटचा रस वेगळा, त्यात सिलिका (वाळूत असतो तोच घटक) जास्त, तो जमिनीखालीच अडकून हळूहळू थिजला म्हणून दाणे डोळ्यांनी दिसतात. गोंदियाकडचा तर 200 कोटी वर्षांहून जुना आहे.

आता जपान. तो आधी आशियालाच चिकटून होता आणि त्याच्याखाली समुद्रतळाची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा मोठा तुकडा, घुसत होती, ती बुडता बुडता महासागराकडं मागे सरकत गेली तसा वरचा काठ ताणला गेला, पातळ झाला, फाटला, आणि साधारण 2 ते दीड कोटी वर्षांपूर्वी तिथं जपानचा समुद्र उघडला. हे कळलं कसं, तर लाव्हा थंड होताना त्यातली लोहखनिजं त्या वेळची उत्तर दिशा धरून ठेवतात. नैऋत्य जपानच्या जुन्या खडकांतली ही दिशा पूर्वेकडं वळलेली निघाली आणि ईशान्य जपानची उलट बाजूला, म्हणजे दोन पाटांचं दार उघडावं तसे दोन्ही तुकडे फिरले! मला तर हा पुरावा फार आवडतो. त्यानंतर लगेच, 1.4 कोटी वर्षांच्या आसपास, नैऋत्य जपानखाली एक कोवळी गरम प्लेट शिरली आणि कुमानो भागात ग्रॅनाईट तयार झाला, तोही खंदकाच्या, म्हणजे प्लेट जिथून खाली घुसते त्या समुद्रतळाच्या खोल चराच्या, इतक्या जवळ, जिथं एरवी खालचा भाग थंडच असतो.

आपल्या विदर्भाखाली मात्र काळा फत्तर झाला तेव्हा कोणतीच प्लेट घुसत नव्हती. 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारत हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे खोलातून गरम रस वर येतो त्या जागेवरून, सरकत होता, तिथून हा लाव्हा आला. जमीन फाटली ती पश्चिमेला, सेशेल्स (आज आफ्रिकेकडची बेटं) वेगळं झालं आणि मधे अरबी समुद्र वाढला, पण तो महासागराचाच भाग, जपानसारखा घुसणाऱ्या प्लेटच्या मागं फाटलेला नाही. जपानसारखा समुद्र पाह्यचा असेल तर अंदमानचा घ्या, तिथं प्लेट खाली घुसते, मधला भाग गेल्या साधारण 40 लाख वर्षांपासून उघडतोय, आणि त्याच समुद्रातल्या बॅरन बेटावर भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे.