भाताच्या रोपात स्वतःचंच बुरशीनाशक असतं, मग बियाण्याला औषध कशाला चोळायचं?

तुम्ही वाचलंय ते खरंय, पण तेवढ्यावर विसंबून बियाणं तसंच पेरू नका. मी एमएस्सीला हेच शिकलो आणि घरी कोकणात भातच आहे, म्हणून सांगतो.

पानात हे औषध आधीपासून नसल्यातच जमा असतं, करपा रोगाची बुरशी आत घुसायला लागली की मग रोप ते बनवायला घेतं. नावं अवघड आहेत, मोमिलॅक्टोन, फायटोकॅसेन, साकुरानेटिन वगैरे. मोमी म्हणजे जपानीत भाताचं तूस, १९७३ मध्ये मोमिलॅक्टोन पहिल्यांदा तुसातच सापडलं आणि तेही बुरशीमुळे नाही तर वाढ रोखणारा पदार्थ म्हणून, बुरशीचं प्रकरण नंतर कळलं. लॅबमध्ये तर बुरशीची गरजही पडत नाही, पानावर यूव्ही लाइट मारला तरी रोप घाबरून हेच बनवायला लागतं.

तरव्यात, म्हणजे रोपवाटिकेत, उकिडवं बसून पानं नीट बघा. करप्याचा ठिपका दोन्ही टोकांना निमुळता असतो, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी. पण त्याच बुरशीने चिवट जातीच्या पानावर टाचणीच्या टोकाएवढेच तपकिरी ठिपके पडतात आणि ते वाढतच नाहीत, तिथे रोपाने आपल्या चार पेशी मारून बुरशीला कोंडलेलं असतं. (तिळाएवढे ठिपके दिसले तर तो वेगळा रोग, गल्लत करू नका.) सगळा खेळ वेळेचा आहे, कमकुवत जातही हे औषध बनवते पण उशिरा, तोवर पान गेलेलं असतं.

तुम्ही विचारलंय की रोपं वाटून काढा फवारला तर? नाही हो, एका ग्रॅम पानात मायक्रोग्रॅममध्ये असतं, अख्खा तरवा वाटला तरी हाताला काय लागणार?

त्यापेक्षा १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून त्यात बी ओता, तरंगेल ते फेकून द्या, बाकीचं दोनदा साध्या पाण्यात धुऊन सावलीत सुकवा आणि मग पाकिटावर लिहिलंय तेवढंच थायरम हे बुरशीनाशक चोळा, हातमोजे घालून. आणि रोपं हिरवीगार दिसावीत म्हणून युरिया मारत सुटू नका, आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी मारतंच आणि करपा पहिला त्याच्याच वाफ्यात येतो.