"मॅडम, मी मुलगी होतोय का?"

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की ठाण्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात एक काळजी हमखास येते. मुलगा १३ ते १६ वर्षांचा. छाती थोडी वर आलेली, हात लागला तर दुखते. पोहणं बंद, भर उकाड्यात टी-शर्टवर जॅकेट. डॉक्टरांनी तपासून "वयात येतानाचं आहे, जाईल" असं सांगितलेलं असतं. तरी मुलाचं मन थाऱ्यावर नसतं.

सोहम (नाव बदललं आहे) १५ वर्षांचा. नौपाड्यातून आई घेऊन यायची. तीन भेटी तो हो-नाहीच्या पुढे गेला नाही. चौथ्या वेळी आईला बाहेर थांबवलं, तेव्हा त्याने दप्तरातून गोळ्यांची पट्टी काढली. लेट्रोझोल. जिममधल्या एका दादाने दिलेली.

"याने बायकी हार्मोन बंद होतं म्हणाला. मॅडम, मी मुलगी होतोय का?"

ही गोळी मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगावर देतात. ती ॲरोमाटेज हे विकर (एन्झाइम) अडवते. अँड्रोजेनचं, म्हणजे 'पुरुषी' म्हणतात त्या हार्मोनचं, इस्ट्रोजेन, म्हणजे 'बायकी' म्हणतात ते हार्मोन, करणारं विकर ते हेच. मी त्याला विचारलं, "या विकराचं जनुक कुठल्या गुणसूत्रावर असेल?"

"एक्सवर?"

"पंधराव्या. तुझ्याकडे दोन प्रती, माझ्याकडेही दोन."

तो सावरून बसला. मी सांगत गेले. पुरुषाच्या चरबीत, हाडांत, मेंदूतही हे विकर असतं. १९९५ साली २४ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्यात ते कामच करत नव्हतं. उंची २०४ सेंटिमीटर, तरी वाढ थांबेना, आणि हाडं विरळ. हाडांची वाढ पुरी करायला मुलालाही इस्ट्रोजेन लागतं. बाईचं इस्ट्रोजेनसुद्धा आधी अँड्रोजेनच असतं.

"आणि पाळी गेलेल्या आजीपेक्षा आजोबांच्या रक्तात ते सहसा जास्त असतं."

"आजोबांच्या? ते तर तालमीत जायचे!"

तो हसला. पहिल्यांदाच. मग बराच वेळ रडला. मी मध्ये बोलले नाही.

इतकी वर्षं या खुर्चीत बसून मला एक उमगलंय. "जाईल रे" हा धीर पुरत नाही, कारण 'आहे ते लाजिरवाणं आहे' हे त्यात आपण कबूल करून बसतो. सोहमला त्रास छातीचा कमी आणि 'बायकी' या शब्दाचा जास्त होता. तो शब्द गळला, तशी भीती उतरली.

आईबाबांनो, छातीवरून घरात चिडवणं आजच थांबवा. बहुतेक मुलांची सूज दोनेक वर्षांत ओसरते. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा. चरबीतही हे विकर असतं, पण उपाशी ठेवू नका. गाठ कडक असेल, एकाच बाजूला वाढत असेल, स्राव येत असेल, वृषणात गाठ लागत असेल किंवा वयात येण्याआधीच हे सुरू झालं असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा. मूल एखादं औषध घेत असेल तर तेही त्यांना सांगा. जिममधून आलेली गोळी मात्र एकही नको. वाढत्या हाडांशी हा खेळ आहे.

पट्टी सोहमने स्वतः आईच्या हातात दिली. ऑगस्टमधल्या शेवटच्या भेटीत म्हणाला, "छाती अजून तशीच आहे, मॅडम. पण सोमवारपासून पोहायला जातोय."