वाचकांचे प्रश्न : महास्फोटाचा सिद्धांत खरोखर मोडीत निघाला आहे का?

प्रश्न : मी नागपुरात प्रतापनगरला राहतो व माध्यमिक शाळेतून विज्ञानशिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. जेम्स वेब दुर्बिणीमुळे महास्फोटाचा सिद्धांत खोटा ठरला असून विश्वाचे वय १३.८ नव्हे तर २६.७ अब्ज वर्षे आहे, असे मध्यंतरी वाचनात आले. नात दहावीला आहे आणि ती मला रोज हेच विचारते. तिला काय सांगावे?

उत्तर : नातीला निःशंकपणे सांगा की महास्फोटाचा सिद्धांत (बिग बँग), म्हणजे विश्व अतितप्त, अतिघन अवस्थेतून प्रसरण पावत आले ही मांडणी, उभा आहे आणि उत्तरपत्रिकेत १३.८ अब्ज हाच आकडा लिहायचा आहे. अडचणीत आली आहे ती महास्फोटानंतर दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, किती लवकर घडल्या याविषयीची आपली समजूत. बातमीत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

आकाशात दूरचे पाहणे म्हणजे जुने पाहणे. नोव्हेंबरच्या मध्यावर, चांदणे नसलेल्या रात्री नऊच्या सुमारास, शहराचा उजेड मागे टाकून रामटेकच्या पुढे गेलात तर डोक्यावरून थोडे उत्तरेला, कापसाच्या पेळूसारखा एक पुसट डाग नुसत्या डोळ्यांना दिसतो. ती देवयानी दीर्घिका होय. तिच्याकडून आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेलेली वेब दुर्बीण हाच हिशेब अब्जावधी वर्षांपर्यंत मागे नेते. विश्वाच्या प्रसरणामुळे अतिदूरच्या दीर्घिकांचा प्रकाश ताणला जाऊन अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, होतो, आणि तो टिपण्यासाठीच तिचा ६.५ मीटर व्यासाचा आरसा घडवलेला आहे. महास्फोटानंतर अवघ्या ३० कोटी वर्षांच्या आतल्या दीर्घिकाही तिने दाखवल्या.

घोटाळा येथून सुरू झाला. २०२३ च्या आरंभी अशा काही दीर्घिकांचे वस्तुमान इतके मोठे निघाले की एवढ्या कमी काळात एवढे तारे जमले कसे, हे कोणालाच सांगता येईना. पुढील अभ्यासात दिसले की त्यांपैकी काहींचा झगमगाट केवळ ताऱ्यांचा नसून कृष्णविवरात कोसळणाऱ्या तप्त वायूचाही आहे. त्यामुळे ताऱ्यांचे वस्तुमान अवाजवी मोजले गेले होते. तरीही आरंभीच्या विश्वात तेजस्वी दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्त आहेत हे खरेच आहे, आणि त्याचे कारण अजून शोधले जात आहे.

याच संदर्भात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या प्रतिमांत शोधलेल्या ‘अलकनंदा’ या दीर्घिकेचे मला फार अप्रूप वाटते. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचे असतानाची ही दीर्घिका. त्या वयात दीर्घिका ओबडधोबड, विस्कळीत असाव्यात असा समज होता; पण हिला मधोमध तेजस्वी गाभा आहे, दोन्ही बाजूंना सारख्या वळणाच्या दोन भुजा आहेत आणि त्या भुजांवर नव्या ताऱ्यांचे पुंजके माळेतल्या मण्यांसारखे ओवलेले दिसतात. हिच्यामुळे महास्फोटाला बाध येत नाही. मात्र अशी नीटस रचना होण्यास किती काळ लागतो, याचे गणित पुन्हा मांडावे लागणार आहे.

आता २६.७ अब्ज वर्षांविषयी. हा आकडा कॅनडातील ओटावा विद्यापीठाच्या राजेंद्र गुप्ता यांनी २०२३ मध्ये मांडला. प्रकाश प्रवासात ‘थकतो’, म्हणजे त्याची ऊर्जा वाटेत घटत जाते, ही जुनी कल्पना त्यांनी निसर्गाचे स्थिरांक काळानुसार बदलतात या गृहीतकाशी जोडली. मांडणी नियतकालिकात रीतसर प्रसिद्ध झालेली आहे, त्यामुळे तिची हेटाळणी करू नये. पण ती स्वीकारताही येत नाही. नागपूरच्या महाल भागातला एखादा वाडा तीनशे वर्षांचा आहे असे कोणी म्हटले आणि त्यातली एकही तुळई, एकही वीट दीडशे वर्षांहून जुनी निघाली नाही, तर आपण शंका घेऊच. सूर्यापेक्षा लहान तारे वीस अब्ज वर्षे सहज टिकतात. मग विश्व २६.७ अब्ज वर्षांचे असते तर तेवढे म्हातारे तारे सापडायला हवे होते. प्रत्यक्षात सर्वांत जुन्या तारकागुच्छांची वये १२ ते १३ अब्ज वर्षांच्या आसपास येऊन थांबतात. शिवाय १९६४ मध्ये सापडलेले, सर्व दिशांनी येणारे २.७ केल्विन (उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास) तापमानाचे सूक्ष्मलहरींचे प्रारण महास्फोटाने जितके सरळ उलगडते, तितके अन्य मांडणीने उलगडलेले नाही.

नातीला खरा वाद दाखवायचा असेल तर प्रसरणाच्या वेगाचा दाखवा. त्या प्राचीन प्रारणावरून हा वेग दर मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला) सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर येतो, तर जवळच्या ताऱ्यांवरून व अतिनवताऱ्यांवरून (स्फोट होऊन झळाळणाऱ्या ताऱ्यांवरून) सुमारे ७३. आणि मोजमापे जितकी नेमकी होत गेली तितकी ही तफावत ठळक होत गेली. त्यात मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील दुर्बिणीवर बसवलेल्या डेसी या उपकरणाच्या गटाने सुमारे दीड कोटी दीर्घिका व क्वासारांच्या (अतितेजस्वी दीर्घिका-गाभ्यांच्या) नकाशावरून, प्रसरण वाढवणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी असे संकेत दिले. शोध म्हणून जाहीर करण्याइतका तो पुरावा अद्याप भक्कम नाही. त्या उपकरणाची निरीक्षणे पुढे चालू आहेत.