मराठवाड्यात फिरताना कॅराव्हॅनच्या मैल्याची टाकी कुठे रिकामी करावी?

नमस्कार. पुण्याहून भाड्याने कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्याची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी, घेऊन आई-वडील आणि मुलांसह तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ, नांदेड आणि परतताना वेरूळ-पैठण असा प्रवास आपल्याला करायचा आहे, आणि गाडीतल्या शौचालयाची टाकी वाटेत कुठे रिकामी करता येईल, असे आपण विचारले आहे. मी अंबाजोगाईचा रहिवासी आहे आणि वयस्कर आईला घेऊन शौचालयाची सोय असलेल्या गाडीतून याच रस्त्यांवर फिरत असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अशा टाक्या रिकाम्या करण्यासाठी अमेरिकेत सरकारी उद्यानांत, ट्रक थांबण्याच्या मोठ्या पंपांवर आणि कॅम्पच्या जागी जमिनीत झाकणाचे तोंड असलेली डम्प स्टेशने असतात. तिथे गाडी शेजारी लावायची, जाड नळी तोंडात बसवायची आणि व्हॉल्व्ह उघडायचा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात अशा गाड्यांसाठी पार्कची कल्पना मांडली आहे, परंतु आपल्या मार्गावर तशी जागा मिळेलच असे धरून निघू नये. या भागात आपली टाकी शेवटी कोणाच्या तरी सेप्टिक टँकमध्ये किंवा शहराच्या भुयारी गटारात रिकामी होणार आहे, आणि त्यासाठी त्या जागेच्या मालकाची परवानगी लागणार आहे. त्यामुळे जागा शोधण्याआधी आपल्या टाकीत काय आहे आणि किती आहे, हे निश्चित करावे. ज्याच्या टाकीत घातक रसायन नाही आणि मैला थोडा आहे, त्याला नाही म्हणणारे लोक इकडे मला क्वचितच भेटले आहेत.

गाडी ठरवण्यापूर्वीच मालकाला विचारावे की शौचालय कॅसेटचे आहे की गाडीखाली बसवलेल्या पक्क्या टाकीचे. कॅसेट म्हणजे बाहेरच्या लहान दारातून ओढून काढता येणारा डबा असतो, त्यात साधारण १८ ते २० लिटर मावते, आणि तो उचलून कोणत्याही साध्या संडासात ओतता येतो. घरच्या संडासात एकदा फ्लश केले तर सहा ते दहा लिटर पाणी जाते, म्हणजे भरलेला कॅसेट हा दोन-तीन वेळच्या फ्लशइतकाच भार झाला. हा हिशेब लॉजच्या मालकाला सांगितला की त्याची शंका बहुधा तिथेच मिटते. पक्क्या टाकीचे तसे नाही. तिचा मैला सुमारे साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून बाहेर येतो, आणि ती नळी घालता येईल असे तोंड आपल्याकडे संडासाबाहेरच्या चेंबरशिवाय कुठेही नसते. अशी गाडी घ्यायचीच असेल तर बारा व्होल्टवर चालणारा, मैला दळून पुढे ढकलणारा मॅसरेटर पंप तिच्यात आहे का, हे पाहावे. त्या पंपामुळे बागेला पाणी घालण्याच्या नळीएवढ्या बारीक नळीतून मैला दूरच्या आणि थोड्या उंचावरच्या संडासापर्यंतही नेता येतो. आपल्यासोबत वृद्ध माणसे आणि मुले आहेत, तरीही मी कॅसेटचीच गाडी सुचवेन आणि शक्य असल्यास दुसरा रिकामा कॅसेट जवळ ठेवण्यास सांगेन.

आता रसायनाविषयी. टाकीला वास येऊ नये म्हणून बाजारात जी द्रावणे मिळतात, त्यांपैकी काहींत फॉर्मल्डिहाइड किंवा तत्सम जंतुनाशके असतात. सेप्टिक टँक चालतो तो हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंवर. मैला तळाशी बसतो, जिवाणू तो कुजवतात आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. जंतुनाशक ओतले तर हे जिवाणू मरतात, मैला कुजत नाही, आणि काही दिवसांनी त्या लॉजवाल्याचा शोषखड्डा तुंबतो. तोपर्यंत आपण घरी पोहोचलेलो असतो आणि दुरुस्तीचा खर्च मात्र त्याला सोसावा लागतो. म्हणून एन्झाइम किंवा जिवाणूयुक्त द्रावणच वापरावे, आणि फिनेल व ॲसिड गाडीच्या शौचालयात अजिबात टाकू नये. मे महिन्यात इकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि टाकीला लवकर वास सुटतो. त्यावर उपाय म्हणजे टाकीत तळ झाकेल इतके पाणी आधीच घालून ठेवणे, गाडी सावलीत लावणे आणि टाकी पूर्ण भरण्याची वाट न पाहणे. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड आणि मुलांचे डायपर टाकीत कदापि जाता कामा नयेत.

जागांपैकी सर्वांत खात्रीची जागा म्हणजे आपण जिथे मुक्कामाला गाडी लावणार आहात, ते लॉज किंवा हॉटेल. एक साधी खोली घ्यावी, आई-वडिलांना तिथे झोपू द्यावे, आणि त्याच खोलीच्या संडासात सकाळी कॅसेट रिकामा करावा. खोली घेतानाच हे स्पष्ट बोलावे. “दादा, आमच्या गाडीत संडास आहे, वीस लिटरचा डबा आहे, आत केमिकल नाही, तुमच्या संडासात ओतून आम्हीच धुऊन देतो,” एवढे सांगितले तरी पुरते. लपवून ओतणे मला मान्य नाही. जो माणूस ते संडास रोज धुतो त्याला सहसा कोणीच विचारत नाही, म्हणून त्याच्याशीही बोलावे, आपले काम त्याच्यावर टाकू नये आणि त्याच्या हातात वेगळे पैसे द्यावेत.

पेट्रोल पंपांवर संडास असतात आणि मोठ्या पंपांवर ते बऱ्यापैकी स्वच्छही असतात, परंतु तिथेही व्यवस्थापकाला विचारूनच ओतावे आणि पक्की टाकी तिथे रिकामी करण्याचा आग्रह धरू नये. शहरातल्या पैसे घेऊन चालवल्या जाणाऱ्या सुलभ शौचालयांत वर्दळ कमी असलेल्या दुपारच्या वेळी कॅसेट रिकामा करता येतो. भक्तनिवासांच्या टाक्या मोठ्या असतात खऱ्या, पण यात्रेच्या दिवसांत त्यांच्यावर आधीच क्षमतेपेक्षा अधिक भार असतो. शारदीय नवरात्रात तुळजापूर, महाशिवरात्रीला परळी आणि औंढा, नाथषष्ठीला पैठण, या काळात तिथे हा विषयसुद्धा काढू नये. टाकी आदल्या गावीच रिकामी करून पुढे जावे.

कृषी पर्यटन केंद्रांवर किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडे मुक्काम असेल तर आधी तिथले शौचालय कोणत्या प्रकारचे आहे ते विचारावे. गावांमध्ये स्वच्छ भारत अभियानात दोन शोषखड्ड्यांची शौचालये मोठ्या संख्येने बांधली गेली. तो खड्डा एका कुटुंबाच्या रोजच्या थोड्या-थोड्या पाण्यासाठी असतो, त्यामुळे तिथे शंभर लिटर एकदम सोडणे म्हणजे तो निकामी करणे होय. सेप्टिक टँक असेल तर कॅसेट खुशाल ओतावा. काही घरी गोबरगॅसला शौचालय जोडलेले असते, आणि तिथे रसायनविरहित मैला त्या संयंत्राच्या उपयोगीच पडतो. मला स्वतःला ही सर्वांत समाधानाची जागा वाटते.

पक्की टाकी भरली आणि कुठेच सोय झाली नाही, तर तालुक्याच्या गावी नगर परिषदेत जाऊन सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीची चौकशी करावी. खाजगी गाड्याही असतात आणि लॉजवाल्यांकडे त्यांचे क्रमांक हमखास मिळतात. त्या गाडीची नळी आपल्या टाकीच्या तोंडाला लावून काही मिनिटांत टाकी ओढून घेता येते. पैसे मात्र पूर्ण फेरीचे द्यावे लागतात. पैसे देण्याआधी तो मैला कुठे नेऊन रिकामा करणार, हे विचारावे. प्रक्रिया केंद्रावर नेणार असेल तर ठीक. गावाबाहेरच्या ओढ्यात सोडणार असेल तर ते काम देऊ नये.

उघड्या नालीत, ओढ्यात, रस्त्याकडेच्या खड्ड्यात किंवा रानात टाकी सोडू नये, हे मी आवर्जून लिहितो, कारण “ओसाड माळ आहे, कोणाला काय त्रास होणार” असे म्हणणारे प्रवासी मला भेटले आहेत. आमची काळी जमीन उन्हाळ्यात खोलवर भेगाळते. त्या भेगांतून आणि खालच्या फुटक्या खडकातून घाण पाणी फारसे न गाळता विहिरीत आणि बोअरमध्ये उतरते. पावसाळ्यात तीच जमीन पाणी शोषत नाही आणि सगळे वाहून नदीला मिळते. पैठणच्या जायकवाडी धरणातून छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरे पाणी पितात. खाली गंगाखेड आणि नांदेडला त्याच गोदावरीत लोक स्नान करतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ज्या भागाने असे दिवस पाहिले आहेत, तिथे एका विहिरीचे पाणी बिघडवणे हा फार मोठा अपराध आहे, आणि तो कायद्याचाही भंग आहे: १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर असे पदार्थ सोडण्यास मनाई आहे.

आंघोळीचे आणि भांड्यांचे सांडपाणी वेगळ्या टाकीत जाते आणि त्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. नांदेड जिल्ह्यातील गावांनी घराघरापुढे शोषखड्डे करून नाल्या बंद केल्या आणि डासांना आळा घातला, तो नांदेड पॅटर्न म्हणून ओळखला जातो. अशा गावात मुक्काम असेल तर घरमालकाला विचारून आपले सांडपाणी त्या खड्ड्यात हळूहळू सोडता येते. अन्नाचे कण आणि तेलकटपणा मात्र आधी गाळून व पुसून काढावा, नाहीतर खड्डा बुजतो.

आपल्या मार्गापुरते बोलायचे तर सोलापूरवरून तुळजापूरला याल तेव्हा टाकी रिकामीच असेल. तिथून निघताना लॉजवर कॅसेट रिकामा करावा. लातूर, अंबाजोगाई, परळी या टप्प्यात दुसऱ्यांदा, शक्यतो अंबाजोगाई किंवा परळीच्या मुक्कामी. परळीहून गंगाखेड, परभणीमार्गे औंढ्याला जाताना सोय मिळेलच असे धरू नये, म्हणून परळीहून रिकामी टाकी घेऊनच निघावे. नांदेड आणि संभाजीनगर या दोन शहरांत बऱ्याच भागात भुयारी गटार आहे, त्यामुळे गाडीत पक्की टाकी असेल किंवा आधीच्या भाडेकरूने तिच्यात कोणते द्रावण घातले होते याची खात्री नसेल, तर ती याच शहरांत भुयारी गटाराला जोडलेल्या हॉटेलात रिकामी करावी. नांदेडहून जालन्याला आल्यावर समृद्धी महामार्गाने संभाजीनगर गाठणार असाल तर मध्ये वाटेल तिथे थांबता येणार नाही, हे लक्षात ठेवावे. वेरूळ आणि अजिंठ्याच्या लेण्यांच्या परिसरातील शौचालयांत टाकी रिकामी करू नये. अजिंठा पाहणार असाल तर फर्दापूरच्या मुक्कामाच्या ठिकाणी विचारावे. चार-पाच माणसांनी दिवसभर गाडीतलेच शौचालय वापरले तर कॅसेट एका दिवसात भरतो. दिवसा ढाब्याचे आणि पंपाचे संडास वापरले, गाडीतले रात्री आणि आई-वडिलांच्या अडचणीच्या वेळीच वापरले, तर तो दोन दिवस सहज जातो.

प्रत्यक्ष रिकामे करताना रबरी हातमोजे घालावेत आणि ते दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नयेत. पक्की टाकी असेल तर आधी मैल्याची आणि मग सांडपाण्याची सोडावी, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते आणि चांगले पाणी वाचते. व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडू नये. सेप्टिक टँकमध्ये मोठा लोंढा गेला की तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो. चेंबरचे झाकण उघडल्यावर त्यावर वाकू नये, जवळ विडी-सिगारेट पेटवू देऊ नये, आणि काही अडकले तरी कोणाही माणसाला आत उतरायला सांगू नये. आतला वायू क्षणात जीव घेतो, आणि माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तसे करायला लावणे गुन्हा आहे. उन्हाळ्यात लॉजवाले स्वतः टँकरचे पाणी विकत घेतात, म्हणून धुण्यासाठी वीस लिटरचा एक कॅन आपल्या गाडीतच भरलेला असू द्यावा.

परतीच्या दिवशी पैठणहून शेवगाव, अहिल्यानगर मार्गे पुण्याला जाण्यापूर्वी संभाजीनगरच्या मुक्कामीच टाकी रिकामी करून, धुऊन घ्यावी. भाड्याच्या करारात टाकी रिकामी करून परत देण्याची अट आहे का, आणि नसेल तर मालक ती स्वतः कुठे रिकामी करतो, हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवावे. त्या उत्तरावरून गाडी कोणाकडून घ्यावी, हेही ठरवता येईल.