ओलं अंथरूण आणि मागीलदारचा टायगर

आई मुलाला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली ती अंथरुणासाठी. सात वर्षांचा मुलगा, तिसऱ्या वर्षापासून अंथरूण कोरडं, आणि आता महिनाभर जवळजवळ रोज ओलं. डॉक्टरांनी लघवी तपासली होती, संसर्ग नव्हता. शाळेत काही झालं का, घरात भांडणं आहेत का, धाकटं भावंड आलंय का, हे नेहमीचे प्रश्न मी विचारले. सगळ्यांचं उत्तर नाही. मुलाला इथे बाबू म्हणते. घर कुडाळ तालुक्यातलं, याहून जास्त सांगत नाही.

बाबू खुर्चीत बसून पाय हलवत होता. खाली पडलेला खडू उचलायला वाकला, तेव्हा गुडघ्याच्या लवणीखाली, पोटरीवर चार-पाच खुणा दिसल्या. काही सुकलेल्या, एक ताजी. "डास चावतात आणि हा खाजवत बसतो," आई म्हणाली. डास पुढूनही चावतात, आणि याच्या पायावर पुढे एकही खूण नव्हती. माझं लहानपण खुराड्याशेजारी गेलं आहे.

"तुमच्याकडे कोंबडा आहे?"

आई तोंड उघडायच्या आत बाबू म्हणाला, "तो काय करत नाय."

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं की मी घाई करत नाही. आईला बाहेर बसवलं आणि आम्ही दोघं कोंबड्याबद्दल बोलत बसलो. त्याचं नाव टायगर. मुंगसाने कोंबडीसकट पिल्लं नेली त्यातून हा एकटा उरला. बाबूनेच त्याला खोक्यात वाढवलं, तळहातावर कण्या चारल्या, मांडीवर झोपवलं. पाच-सहा महिन्यांचा झाला, आरवायला लागला, आणि एका सकाळी मागून येऊन बाबूच्या पायावर उडी मारली. संडास मागीलदारी, खुराड्याच्या पलीकडे. त्या वाटेवर टायगर उभा. मग बाबू संध्याकाळपासून पाणीच कमी प्यायचा, लघवी दाबून धरायचा आणि रात्री झोपेत धीर सुटायचा.

आईला का नाही सांगितलंस? बराच वेळ खडूचे तुकडे केले त्याने. मग म्हणाला, "सांगितलं तर त्याला राखणेक देतील."

आमच्याकडे बऱ्याच गावांत घराच्या, वाडीच्या राखणदाराला, म्हणजे राखण करणाऱ्या दैवताला, वर्षातून एकदा राखण देतात, त्यात कोंबड्याचा बळी लागतो. बाबूच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, कधीतरी हसत म्हटलं होतं, "लय माजलो तर ह्याकाच देव्या." मोठ्यांच्या दृष्टीने ती चेष्टा. बाबूने ती शब्दशः घेतली होती. प्रत्येक ओरखडा लपवून तो टायगरचा एकेक दिवस वाचवत होता. मारणाऱ्यालाच पाठीशी घालणं मी माणसांच्या घरांतही पुष्कळ पाहिलंय, पण तो विषय वेगळा.

"कोंबडा पोरांच्या अंगावर धावतो, काय करावं?" हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी दोन-तीनदा तरी येतो, बहुधा दुसऱ्याच कुठल्या तक्रारीच्या आडून. त्याबरोबर घरातल्यांची दोन मतं ठरलेली असतात. एक म्हणजे मूल भित्रं आहे, त्याला धीट करा. दुसरं म्हणजे कोंबडा माजलाय, कापा. पुढच्या वेळी आबा आले ते पहिलं मत घेऊन.

"अगो, कोंबो तो. वाघ काय?"

"टायगर नाव ठेवलंत ना तुम्ही?" मी म्हटलं. आबा हसले. तिथून बोलणं सोपं गेलं.

आबांना जे सांगितलं ते असं. तलंगा, म्हणजे तरणा कोंबडा, पाच-सहा महिन्यांचा झाला की त्याच्या अंगात नराचे हार्मोन्स भरतात. तुरा लाल होतो, आरवणं सुरू होतं, आणि कोंबड्यांची राखण हे त्याचं काम होतं. घार दिसली की ओरडतो, दाणा सापडला की कोंबड्यांना हाक मारतो, आणि आपल्या हद्दीत शिरणाऱ्याशी भिडतो. सात वर्षांचं पोर त्याच्या नजरेत बुटकं, धावणारं, एकदम किंचाळणारं. त्यातून टायगर माणसाच्या हातात वाढलेला एकटा नर. ज्या पिल्लाला आईने चोच मारून दबकणं शिकवलं नाही, त्याला माणसाचा धाक कुठून असणार? लाडाने वाढवलेला नर पुढे जास्त अंगावर येतो हे ऐकून घरच्यांना नवल वाटतं. बाबूला मात्र ते ऐकून हलकं वाटलं. "मी काय केलं म्हणून तो रागावला?" हा प्रश्न तो महिनाभर एकटाच वाहत होता. तू काही केलं नाहीस, तो मोठा झाला, एवढंच मी त्याला म्हटलं.

आणि बाबू पळायचा. कोंबडा धावून जातो, समोरचा पळतो, कोंबड्याच्या लेखी तो जिंकला. दुसऱ्या दिवशी आणखी जोरात. लाथ किंवा केरसुणी मारणं त्याहून वाईट. तो त्याला झुंज समजतो आणि मार खाऊनही परत येतो. काही जण त्याचे पाय धरून उलटं लटकवतात, त्याने कोंबडा फक्त गुदमरतो.

हल्ल्याआधी तो सांगतो, आपण वाचत नाही. एक पंख खाली सोडून तिरका तिरका नाचतो, मानेची पिसं फुलवतो, मान वाकडी करून एकाच डोळ्याने बघतो, उगाचच जमिनीवर चोची मारतो. असं दिसलं की पाठ फिरवायची नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे यायचं. मोठ्या माणसाने हातात सूप धरावं, मारायला नव्हे, मध्ये आड धरायला. सूप आडवं आलं की त्याला उडी मारायला जागाच उरत नाही. लहान मुलांना ही युक्ती शिकवून एकटं सोडू नये. पाच वर्षांखालच्या मुलाचा चेहरा आणि डोळे कोंबड्याच्या उडीच्या टप्प्यात येतात.

म्हणून मी वागणुकीच्या आधी जागेची चौकशी करते. संडासाची वाट कुठून जाते? खुराडं कुठे? आबांनी आठवड्यात जाळी मारली. जाळी माणसाच्या उंचीची हवी, गावठी कोंबडा चार फूट सहज चढतो. कडी मुलाच्या हाताला येणार नाही इतकी वर. बाबू शाळेत गेल्यावर टायगर बाहेर, तो घरी यायच्या आत टायगर आत. पायामागच्या काट्याचं टोक पशुवैद्याकडून बोथट करून घेतलं. ते घरी कोयतीने करू नका, काट्याच्या आत जिवंत हाड असतं, रक्त थांबत नाही. घरात तीनच कोंबड्या होत्या, एका नराला आठ-दहा तरी असाव्यात. नर नसला तरी कोंबड्या अंडी घालतात, हे खेड्यातही अनेकांना सांगावं लागतं. पिल्लं नको असतील तर कोंबडा ठेवायची सक्ती नाही.

आबांनी विचारलं, सुधारेल का? एखादा वयात येतानाचा कोंबडा वर्षभराने निवळतो. पण जो पोरांच्या अंगावर पुन्हा पुन्हा गेलाय, त्याच्यावर मी माझं मूल सोपवणार नाही. त्याची पिल्लंही काढणार नाही, स्वभाव काही अंशी रक्तात उतरतो. दुसऱ्याला द्यायचा तर खोड सांगून द्यावा आणि लहान मुलांच्या घरी देऊ नये. "असील नको, कडकनाथ चालेल का," असं जातीचं पुष्कळ जण विचारतात. असील झुंजीसाठी पोसलेली जात, दुसऱ्या नराला उभा करत नाही, पण माणसाशी कित्येकदा शांत असतो. जातीपेक्षा समोरचा कोंबडा बघा.

जखमांचं थोडक्यात. काट्याची जखम वरून टिकलीएवढी दिसते, आत खोल असते. साबण आणि वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावी आणि धनुर्वाताची लस पाहावी. पाच-सहा वर्षांचा बूस्टर बाबूचा राहिला होता, तो आता झाला. डोळ्याजवळ लागलं तर थेट दवाखाना. रेबीजची भीती घालू नका, तो सस्तन प्राण्यांचा रोग, कोंबडा चावून होत नाही. खुराड्यातून आल्यावर हात धुणं मात्र रोजचं, आणि पिल्लांचे मुके घेणं बंद.

बाबूसाठी वेगळी बैठक लागलीच नाही. पहिले दोन आठवडे संध्याकाळी संडासाला आई बरोबर जायची, न बोलता, न हसता. अंथरुणाबद्दल कुणी काही म्हणायचं नाही. मग पडवीतून टायगरकडे बघणं, मग जाळीच्या बाहेरून दाणे टाकणं, तेही बाबू म्हणेल तेव्हाच. "जा, हात लाव, काय नाय करत," हे वाक्य आबांनी गिळायचं ठरलं. ते त्यांना जड गेलं. तिसऱ्या आठवड्यात चार रात्री कोरड्या गेल्या, दोन महिन्यांनी सगळ्या.

राखणीचा प्रश्न उरला. घरची परंपरा मोडायला सांगणं हे माझं काम नाही. मी एवढंच मागितलं की "तू सांगितलंस म्हणून" टायगर गेला असं बाबूला कधीही वाटू नये, आणि त्याच्याशी खोटं बोलू नये. आबांनी त्या वर्षी बाजारातून दुसरा कोंबडा आणला. बाबूने विचारलं, हा कुणाच्या घरचा? आईने मला फोन केला, काय सांगू? खरं सांगा, म्हटलं, माहीत नाही असं सांगा. त्या रात्री तो जेवला नाही. अंथरूण कोरडं राहिलं.

शेवटच्या भेटीत तो एकदम उत्साहात सांगत आला. टायगरने आबांना धरलं होतं. जाळीचं दार लावायला ते वळले आणि मागून, पोटरीवर.

"मग आबा काय म्हणाले?"

"कायच नाय. आता ते पण सूप घेऊन जातत."