मल्टिमीटरवर सगळे व्होल्टेज बरोबर आले, म्हणजे संगणकाचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा, म्हणजेच सप्लाय) चांगला आहे असे समजावे का?

नाही, समजू नये. आपण लिहिले आहे की यूपीएस असूनही लाइट गेली की आपला संगणक कधीकधी रीस्टार्ट होतो. दुरुस्तीवाल्याने एसएमपीएस बाहेर काढून, तो मदरबोर्डशिवाय चालू व्हावा म्हणून हिरवी आणि काळी तार जोडली, टेस्टर आणि मल्टिमीटर लावला, १२.१ आणि ५.०५ व्होल्ट पाहिले आणि ‘सप्लाय ओके आहे, यूपीएस बदला’ असा निकाल दिला. हाच निकाल, जवळजवळ याच शब्दांत, विदर्भातील एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेचे काम पाहत असताना मी वारंवार ऐकलेला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरला, तर एसएमपीएस मेलेला नाही एवढेच सिद्ध होते. बाजारात मिळणारा छोट्या पडद्याचा टेस्टर याहून फारसे काही सांगत नाही, कारण तो सप्लायकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. बैल पारखायचा असेल तर रिकाम्या गाडीला जुंपून कोणी पारखत नाही. इंटेलच्या एटीएक्स या संगणक-सप्लायच्या मार्गदर्शिकेच्या जुन्या आवृत्त्यांनुसार १२ व्होल्टची तार ११.४० ते १२.६० आणि ५ व्होल्टची तार ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान राहायला हवी, पण ती लोड (भार) असताना राहायला हवी. शिवाय साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळा सरासरी आकडा दाखवतो, त्यामुळे दहा मिलिसेकंदांत येऊन गेलेला खड्डा त्याला दिसणे शक्य नसते.

आमच्याकडे तीसेक संगणकांची प्रयोगशाळा न्यूनतम दराच्या निविदेतून आली होती. एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले होते. त्याच लेबलावर खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या तारेपुढे १४ अँपिअर असे लिहिले होते, म्हणजे १६८ वॅट. आजचा संगणक आपली बहुतेक वीज १२ व्होल्टच्या तारेवरून घेतो, त्यामुळे उरलेले वॅट केवळ लेबलाची शोभा वाढवत होते. हिवाळ्यात सर्व सुरळीत चालले. मार्चनंतर दुपारच्या वेळी लाइट गेली की निम्मे संगणक यूपीएसवर टिकत आणि निम्मे रीस्टार्ट होत, आणि विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पुरवठादाराचा अभियंता येई, टेस्टर लावी आणि यूपीएसकडे बोट दाखवी. मी लोडवर तपासा म्हटले, की ‘सर, मीटर खोटं बोलत नाही’ हे त्याचे ठरलेले उत्तर असे आणि खरेदी समितीतील मंडळी माना डोलावत.

मीटर खोटे बोलत नव्हताच, पण वादाचा मुद्दा वेगळा होता. ऑफलाइन किंवा लाइन-इंटरॅक्टिव्ह, म्हणजे लाइट गेल्यावरच बॅटरीकडे वळणाऱ्या, यूपीएसला मेन्सवरून (बाहेरून येणाऱ्या विजेवरून) बॅटरीवर जाण्यास साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या आतल्या मोठ्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमधील साठ्यावर काढायचा असतो. मार्गदर्शिकेप्रमाणे मेन्स तुटल्यावर किमान १६ मिलिसेकंद राखाडी तारेवरचा ‘वीज ठीक आहे’ हा संकेत टिकला पाहिजे, आणि तो खाली गेल्यावरही किमान १ मिलिसेकंद बाकीचे व्होल्टेज मर्यादेत राहिले पाहिजेत. हा काळ मोजल्याखेरीज दोष यूपीएसचा की सप्लायचा हे ठरवताच येत नाही.

मी तो मोजला. लोडसाठी इलेक्ट्रॉनिक लोड यंत्र आमच्याकडे नव्हते, म्हणून मोटारीच्या हेडलाइटचे ६०/५५ वॅटचे बल्ब १२ व्होल्टच्या तारेवर लावले आणि ५ व्होल्टच्या तारेवर १ ओहमचा, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर टाकला. थंड फिलामेंटचा रोध अगदी कमी असतो, त्यामुळे सगळे बल्ब एकदम लावले की सप्लाय शॉर्ट समजून बंद पडतो, म्हणून एकेक फिलामेंट वाढवत जावे लागते. पहिल्याच फिलामेंटला काही झाले नाही. त्याच बल्बचे दुसरे फिलामेंट पेटवले, एकूण भार लेबलावरच्या १४ अँपिअरच्या बराच आत होता, तरीही १२ व्होल्टची तार ११.३ वर उतरली आणि त्याच वेळी ५ व्होल्टची तार ५.३ कडे चढली. स्वस्त सप्लायमध्ये दोन्ही तारांचे नियंत्रण एकाच ठिकाणाहून होत असल्याने एक दाबली की दुसरी उचलली जाते, आणि लोडशिवाय केलेल्या तपासणीत याचा मागमूसही लागत नाही.

मग क्षणाक्षणाचे व्होल्टेज दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. रिपल, म्हणजे डीसी व्होल्टेजवर उरलेली बारीक लहर, मोजताना स्कोपची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर मर्यादित करावी, प्रोबच्या टोकाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जोडावा आणि प्रोबची अर्थची तार शक्य तितकी आखूड ठेवावी, अन्यथा खोलीतला सगळा गोंगाट पडद्यावर दिसतो आणि समोरचा माणूस तेवढेच निमित्त धरून बसतो. १२ व्होल्टच्या तारेवर शिखरापासून शिखरापर्यंत १२० मिलिव्होल्ट आणि ५ व्होल्टच्या तारेवर ५० मिलिव्होल्ट ही मर्यादा आहे. आमच्या नगात १२ व्होल्टवर दोनशेच्या वर रिपल होता, आणि मल्टिमीटर त्या क्षणीही शांतपणे सरळ आकडा दाखवत होता.

खरी गोम डिमरस्टॅटवर, म्हणजे मेन्सचे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, कळली. मेन्स २३० व्होल्ट ठेवून पुरवठा तोडला, तेव्हा सप्लाय वीस मिलिसेकंदांच्या आसपास तग धरत होता. तोच डिमरस्टॅट १९० व्होल्टवर आणला, जितके व्होल्टेज आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याच्या दुपारी येत असे, तेव्हा नऊ-दहा मिलिसेकंदांतच राखाडी तार खाली गेली. नग उघडल्यावर कारणही सापडले. आत २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकसर जोडणीत होते. वर ३३० मायक्रोफॅरड छापलेले होते, पण कपॅसिटर मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर प्रत्येकी २२० च भरले, म्हणजे दोघांचे मिळून ११०. २३० व्होल्टला या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात. सप्लाय साधारण २२० व्होल्ट डीसीपर्यंत काम करतो असे धरले, तर वापरता येणारी ऊर्जा ३.१५ ज्यूल होते. संगणक १०० वॅट घेत असेल आणि सप्लायची कार्यक्षमता ७५ टक्के असेल, तर मेन्सकडून १३३ वॅट लागतात आणि हा साठा सुमारे २४ मिलिसेकंद पुरतो. १९० व्होल्टला मात्र हे डीसी व्होल्टेज, म्हणजे लहरीचे शिखर, २६९ वर येते, ऊर्जा १.३ ज्यूलवर घसरते आणि वेळ १० मिलिसेकंदांवर येतो. शिखराऐवजी लहरीच्या तळाशी लाइट गेली, तर त्याहूनही कमी. यूपीएसचे काही बदल त्या वेळेत बसत, काही बसत नसत, म्हणून निम्मेच संगणक बंद पडत होते. हा हिशेब मी कागदावर मांडून समितीपुढे ठेवला, तेव्हा अभियंत्याने विचारले, ‘पण टेस्टरवर तर ओके दाखवतंय ना?’ आणि ठरावात यूपीएसची दुरुस्ती लिहिली गेली.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. एसएमपीएसचा दर्जा घरी तपासता येत नाही, आणि तपासण्याचा हट्ट धरू नये. संगणकातील सॉफ्टवेअर दाखवते ते व्होल्टेज मदरबोर्डच्या संवेदकाचे असतात आणि ते पुष्कळदा चुकीचे असतात. आपल्या तक्रारीपुरते एवढे करता येईल की ओळखीच्या माणसाकडून नामांकित कंपनीचा, चांगल्या स्थितीतला सप्लाय दोन दिवस मागून आणावा आणि कमी व्होल्टेजच्या वेळी यूपीएसला मेन्स देणारा बोर्ड बंद करून पाहावा. रीस्टार्ट थांबले तर यूपीएस निर्दोष आहे. नवा घ्यायचा असेल तर आधी लेबलावरचे १२ व्होल्टचे अँपिअर पाहावेत, आणि ज्या मॉडेलची इलेक्ट्रॉनिक लोडवर, तापलेल्या हवेत, रिपल आणि तग धरण्याच्या काळासह चाचणी कोणी तरी प्रसिद्ध केलेली आहे, तेच घ्यावे. सायबेनेटिक्स ही चाचणी संस्था अशा चाचण्यांचे अहवाल खुले ठेवते.

दुकानदार ‘गोल्ड आहे’ म्हणेल, त्यावर थांबू नये. गोल्ड ही ८० प्लसची एक श्रेणी आहे, आणि ८० प्लस हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे, म्हणजे किती वीज वाया जाते एवढेच ते सांगते. रिपल, संरक्षण, आयुष्य यांच्याशी त्याचा संबंध नाही, आणि चाचणी सुमारे २३ अंश तापमानात होते, जे तापमान आमच्या अकोल्याकडे मे महिन्यात पहाटेही मिळत नाही. २०२१ साली गिगाबाइटच्या जीपी-पी७५०जीएम या गोल्ड प्रमाणित मॉडेलचे नग गेमर्स नेक्सस या यूट्यूब वाहिनीच्या चाचणीत फुटले, आणि कंपनीने नंतर जादा भाराला बंद होण्याची मर्यादा १२०–१५० टक्क्यांवरून ११०–१२० टक्क्यांवर आणली. जादा भाराला सप्लाय केव्हा आणि कसा बंद पडतो, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही, त्यासाठी तो मुद्दाम बंद पाडून पाहावा लागतो.

वर वर्णन केलेला बल्बांचा प्रयोग आपण करू नये, हे आधीच लिहायला हवे होते. एसएमपीएसच्या आतील कपॅसिटरवर मेन्स काढल्यानंतरही तीनशेहून अधिक व्होल्ट डीसी राहू शकतात, आणि डिमरस्टॅट हा मेन्सपासून विलग नसतो. मेन्सच्या बाजूला स्कोपचा प्रोब थेट लावणे तर जिवावर बेतू शकते, आम्ही त्यासाठी लहान ट्रान्सफॉर्मर मध्ये घेतला होता. माझा हिशेबही ढोबळ आहे, कारण प्रत्येक सप्लाय नेमका २२० व्होल्टलाच हार मानतो असे नाही. पॉवर फॅक्टर सुधारणा करणाऱ्या चांगल्या सप्लायमध्ये कपॅसिटरचे व्होल्टेज मेन्स उतरला तरी जवळपास कायम राहते, त्यामुळे त्यांना हा हिशेब लागू होत नाही. आणि हेही मान्य करतो की त्या अभियंत्याच्या म्हणण्याप्रमाणे यूपीएस बदलून ऑनलाइन (सतत इन्व्हर्टरमधूनच वीज देणारे) यूपीएस घेतले असते, तर बदलाचा वेळच शून्य असल्याने रीस्टार्ट थांबले असते. मात्र १२ व्होल्टच्या तारेवरचा दोनशे मिलिव्होल्टचा रिपल त्या यूपीएसने काढला नसता, मदरबोर्डचे कपॅसिटर तसेच फुगत राहिले असते आणि पुढच्या वर्षीच्या देखभाल करारात मदरबोर्ड बदलण्याचे बिलही त्या अभियंत्यानेच लावले असते.